आकाशीचं बी

टिकटिककाकांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. मोहरीहून बारीक स्क्रू चिमट्यात धरतानाही त्यांचा हात कधी हलला नाही. मग बायकोच्या फुलझाडाचं बी साफ करणं ते काय मोठंसं? असं त्यांना वाटलं. वाटायला काय हो, माणसाला काहीही वाटतं!

ते झाड काकूंच्या आईकडून आलेलं. गॅलरीतल्या कुंड्यांत दरवर्षी फिकट निळी फुलं यायची, म्हणून त्याचं नावच आकाशी. हंगाम संपला की झाड मरायचं, मागे राहायचं ते फक्त बी. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. मागणाऱ्याला काकू फूल द्यायच्या, बी कधी दिलं नाही. मेला कसला हट्ट म्हणावा हा! बोंडं वाळली की त्या ती पांढऱ्या ताटलीत चुरायच्या, पंखा बंद करायच्या आणि ओठांचा चंबू करून अशी हलकी फुंकर मारायच्या की कचरा उडून जायचा आणि बी जागच्या जागी. तेवढा वेळ घरात शिंकायचीसुद्धा बंदी.

"तुमची ती सर्दी घेऊन आधी बाहेर व्हा बघू," असं त्या नवऱ्याला सुनावायच्या. काका बिचारे जिन्यावर जाऊन बसायचे. त्यामुळे पंखा बंद करून ताटलीत फुंकर मारतात एवढंच त्यांना ऐकून ठाऊक; अख्ख्या संसारात त्यांनी ते काम, ते बी कधी बघितलंच नव्हतं.

यंदा काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि एवढ्या बोलघेवड्या बाईकडे एकच शब्द उरला, "हो". भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. काका डोळ्यांकडे बघून ओळखायचे, चुकायचे, पुन्हा ओळखायचे.

इकडे कुंडीत बोंडं वाळली. काकू पलंगावरून तिकडेच बघत राहायच्या.

"अगं, मी आहे ना!" काका एके सकाळी म्हणाले. त्यांनी होती नव्हती तेवढी बोंडं खुडली, पलंगाशेजारी टेबल ओढलं, वर्तमानपत्र पसरलं आणि बोंडं चुरून चहाच्या गाळणीतून गाळली. कागदावर भुकटी पडली. गाळणीत तपकिरी कण राहिले. काकांनी डोळ्याला भिंग लावून ते न्याहाळले आणि स्वारी एकदम खूश. कसे टपोरे, टोकदार! बी ते हेच. आणि खालची भुकटी? ती धूळ. धुळीशी तर त्यांचं जन्माचं वैर. घड्याळात धूळ गेली की घड्याळ मेलंच समजा. ते कागद उचलून उठले.

"ही घाण टाकून देऊ ना गं?" भिंग न काढताच त्यांनी विचारलं.

"हो! हो, हो, हो!" काकू डावा हात गादीवर आपटत होत्या.

"देतो, देतो. केवढी घाई!" काका हसले आणि त्यांनी गॅलरीतून कागद झटकला. बाहेर चांगला वारा सुटला होता.

आत आले तर काकू रडत होत्या. आईची आठवण झाली असेल, असं काकांना वाटलं. त्यांनाही भरून आलं. शेवटची फुंकर तरी हिचीच असू दे, म्हणून त्यांनी गाळणीतले कण पांढऱ्या ताटलीत ओतले, पंखा बंद केला आणि बायकोला आधार देऊन बसवलं. तिचे ओठ मिटेनात. मग काकांनी ओठांची लोंबणारी उजवी कड दोन बोटांनी अलगद मिटून धरली.

"मार. हळूच."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग फुंकर मारली. तीच, पूर्वीची, हलकी.

ताटलीतलं सगळंच्या सगळं उडालं. जागच्या जागी राहिला असा एक कण नव्हता. काका त्या कोऱ्या ताटलीकडे बघत राहिले. ते गॅलरीत धावले. खाली रस्ता, माणसं, गाड्या. काय शोधणार, कपाळ! ते परत येऊन पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, ती धूळ... तेच बी होतं?"

"हो," काकू म्हणाल्या.