सशांच्या खोलीतले काका

काकांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. प्रयोगशाळेतल्या सशांच्या खोलीत शिरणाऱ्याला ते दारातच अडवायचे आणि त्याचे हात हुंगायचे. मला म्हणायचे, "मच्छी खाऊन आलीस. परत साबण लाव." ही तपासणी साहेबांनाही चुकली नव्हती.

नव्वदच्या दशकात मी पेणहून पॅसेंजरने रोह्याच्या त्या छोट्या कंपनीत जायचे. माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन आम्ही सशाला टोचायचो. सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार व्हायची आणि ती वापरून संशोधक ते प्रथिन नेमकं कुठे आहे ते शोधायचे. ससे सांभाळायचे काका. ते आमच्याच गाडीच्या वाटेवरच्या कासूचे शेतकरी. कंत्राटदाराच्या चाऱ्यावरही त्यांचा संशय, म्हणून घरच्या बांधावरचं गवत टोपलीतून आणायचे. म्हणायचे, "माणूस गोड बोलून फसवतो गो. ससा खायचा थांबला की समजायचं, कायतरी बिघडलंय."

संशयाची लागण होते की काय, कोण जाणे. बारा नंबरच्या सशाचं रक्त मी तपासलं, तर त्यात प्रतिपिंडं नव्हतीच. दोन महिने टोचूनही कोरं! साहेब म्हणाले, "हा तो ससा नाहीच, कुणीतरी बदललाय. सगळे पांढरे, कोण ओळखणार? तो विकला गेला असेल कोलाडच्या एखाद्या हॉटेलात, मटणाला." मला आठवलं, आदल्या आठवड्यात काका संध्याकाळच्या गाडीत टोपलीवर फडकं बांधून बसले होते. मी ते सांगून टाकलं.

त्या दिवशी काका घरी निघाले तेव्हा साहेबांनी टोपली उघडायला सांगितली. काका माझ्याकडे बघत राहिले.

"रिकामी हाय. पण दाखवणार नाय. इतकी वर्षं चोर नव्हतो, आज झालो व्हय?"

टोपली काखेत मारून ते गेले ते पुन्हा आलेच नाहीत. मला वाटलं, टोपलीत नक्कीच काहीतरी होतं.

चार दिवसांनी फ्रीज आवरताना त्याच सशाची, टोचण्याआधीच्या रक्ताची नळी हाती लागली. सहज तपासली. प्रतिपिंडं असली तरच दिसणारी प्रथिनाची काळी रेघ ठळक उमटली. टोचण्याआधीच्या रक्तात असं होणं शक्यच नव्हतं. दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल मीच केली होती. ससा तोच होता.

साहेबांना सांगितलं आणि संध्याकाळी कासूला उतरले. काका अंगणात विळ्याला धार लावत होते. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, साहेब परत बोलावतायत म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"आता यायचं नाय." मग विळा फिरवत, "बाराच्या कानाला जखम झालेली, रक्त काढताना. सुकली का?"

मला ठाऊक नव्हतं. त्या चार दिवसांत मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उतरले. "सुकली, काका."

"तू सोता बघितलीस?"

"हो. बोट लावून बघितली."

या वेळी त्यांनी माझे हात हुंगून बघितले नाहीत. मग "बरं" म्हणाले, आत गेले आणि दार लोटून घेतलं.