शेजारच्या अंगणातली गाडी

ती केस मी विसरलेले नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका मोटारसायकलची केस होती. पण तिच्यात एका मुलाची नोकरी माझ्या पेनाच्या टोकावर आली होती आणि ते पेन चालवायला मला आनंद होणार होता. म्हणून लक्षात राहिली.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. नवरा पोलीस खात्यात होता, नोकरीत असतानाच वारला आणि त्याच्या जागी मला घेतले. तेव्हा सातवी चालत होती. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ही गोष्ट शेवटच्या दोन वर्षांतली. भिवंडीत ठाणे अंमलदाराच्या टेबलावर माझी ड्युटी असायची. ठाण्याची पायरी जो चढेल, त्याचे पहिले ऐकून घेणारी मी.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली होती. ज्याचे खरेच काही गेले आहे तो सरळ टेबलाशी येतो. ज्याला कुणाला अडकवायचे आहे तो आधी बाकावर बसतो, पाणी मागतो आणि कोण कोण ऐकते आहे ते बघून घेतो.

वडप्याहून आलेल्या त्या बाईने दोनदा पाणी मागितले. पन्नाशीची, हातात भरून बांगड्या, मागे गोडाऊनवर सुपरवायझर असलेला मुलगा. मुलगा मान खाली घालून उभा.

"बाय, माझ्या पोराची गाडी माझ्या जावेच्या पोरानं लाटली," ती म्हणाली.

"चोरली?"

"चोरलीच म्हणायची. नऊ महिने नंबर लावलेला. शोरूमवाले शुक्रवारी घेऊन जा म्हणाले. आन् गुरुवारी बघते तर शेजारच्या अंगणात गाडी उभी. हार घातलेली! लिंबू फोडताना ती जाऊ माझ्याकडं बघून हसत होती."

त्या वेळी त्या गाडीसाठी सगळा तालुका वेडा झाला होता. कंपनीकडून थोड्या यायच्या, मागणारे ढीगभर. शोरूमवाले नंबर लावून घ्यायचे आणि वरचे पैसे देणाऱ्याला आधी गाडी द्यायचे. हे सगळ्या गावाला माहीत होते, पण वरच्या पैशांची पावती नसते आणि देणारा तक्रार करत नाही.

ही बाई मात्र वेगळे सांगत होती. तिचा मुलगा शोरूममध्ये भांडायला गेला तेव्हा मॅनेजरने त्याला एक अर्ज दाखवला. 'माझे बुकिंग रद्द करून गाडी माझ्या चुलत भावाला द्यावी.' खाली याच मुलाची सही. मॅनेजर म्हणाला, तुझ्या भावानेच आणून दिला.

"सही तुझी?" मी मुलाला विचारले.

"न्हाय, मॅडम."

"मग कुणाची?"

आईच बोलली. "त्याचीच! त्या चुलत्याच्या पोराची. त्याचं नाव घाला, बाय. नाव घातल्याशिवाय मी उठणार न्हाय."

खोटी सही म्हटल्यावर प्रकरण ठाण्याचे होते. मोठ्या साहेबांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "भावकीचं आहे, बाई. त्या पोराला बोलवा, अर्ज मागवा, गुन्हा दाखल करा आणि मोकळ्या व्हा."

दुपारी धाकट्या जावेचा मुलगा हजर झाला. उंच, सडपातळ, केस बारीक कापलेले. मी त्याला बघितले आणि ओळखले.

हे नीट सांगते. दोनच आठवड्यांपूर्वी पोलीस भरतीचे ग्राउंड, म्हणजे धावण्याची वगैरे चाचणी, झाले होते. माझा मुलगा त्यात होता. त्याचा तो शेवटचा प्रयत्न, पुढच्या वर्षी वय बसत नव्हते. मी रजा टाकून मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होते. सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत माझ्या मुलाला एकेकाने मागे टाकले. त्यातला सगळ्यात पुढे निघून गेलेला, पाठीवर मोठा घामाचा डाग आणि मागे वळूनही न बघणारा, तो हाच. माझा मुलगा दम लागून बसला होता आणि हा पोर पाण्याची बाटली डोक्यावर ओतून हसत होता. ते हसणे मी घरी घेऊन आले होते.

आता तो माझ्यासमोर बाकावर बसला होता. भरतीत निवडलेल्याची चारित्र्य पडताळणी होते. गुन्ह्यात नाव असले की ती फाइल तिथेच अडकते. हे त्याला माहीत होते, मला तर होतेच.

"अर्ज तू दिलास?"

"नाही, मॅडम."

"गाडी तुझ्याच नावावर आहे ना?"

"हो. आईनं घेतली."

"नंबर नसताना?"

"शोरूममधून फोन आला होता. आईशी बोलले."

"तू काय करतोस?"

तो थांबला. "काही नाही. घरीच असतो."

खोटे बोलला. मला बरे वाटले. खोटे बोलणाऱ्याचे नाव घालायला हात जड होत नाही.

संध्याकाळी शिपायाने शोरूममधून मूळ अर्ज आणला. मी फिर्याद लिहायला घेतली. गुन्हा कुठे घडला, लिहिले. गुन्हा कधी घडला, यासाठी अर्ज वाचला. तारीख होती, वार मंगळवार. खाली मॅनेजरचा शेरा, 'अर्जदाराच्या भावाने दुपारी बारा वाजता समक्ष आणून दिला.'

तो मंगळवार मला पाठ होता. माझा मुलगा ज्या दिवशी बाद झाला तोच. बारा वाजता हा पोर भिवंडीत नव्हता, ठाणे शहरातल्या मैदानात माझ्या डोळ्यांसमोर पळत होता. आणि ही गोष्ट आमच्या पोलीस ठाण्यात फक्त मला माहीत होती.

मी पेन लगेच खाली ठेवले असे सांगितले तर ते खोटे होईल. मी चहा मागवला, अख्खा कप संपवला. पोर स्वतःच म्हणतो घरीच असतो. मी कशाला बोलू? माझ्या मुलासाठी कोण बोलले? उद्या हा वर्दी घालून याच ठाण्यात आला तर मला त्याचा सॅल्यूट घ्यावा लागेल, आणि माझा मुलगा धामणकर नाक्यावर मोबाइलच्या दुकानात उभा. हे सगळे मनात आले.

मग त्याला परत बोलावले. मी न्यायी होते म्हणून नाही. कोर्टात तारीख उघडी पडली तर वाभाडे माझेच निघाले असते, हे एक. आणि दुसरे, पोर चांगला पळाला होता. ते मी बघितले होते. बघितलेले नाकारायची मला सवय नव्हती.

"मंगळवारी बारा वाजता कुठे होतास?"

"घरी."

"छातीवर नंबर काय होता तुझ्या?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, तुम्हाला..."

"नंबर सांग."

सांगितला.

"मग गाढवा, हे दुपारी का नाही सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली होती. ऑर्डर हातात येईपर्यंत भावकीत कुणाला कळू द्यायचं नाही. काकू बाहेरच बाकावर बसली होती. तिनं ऐकलं असतं."

काकूच्या नजरेला भिऊन हा पोर काकूच्या फिर्यादीत फसायला निघाला होता. ही चूक शहाणा माणूस करणार नाही, पण भावकीत राहणारा करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन शिपाई घेऊन शोरूममध्ये गेले. मॅनेजर चाळिशीचा, तोंडात बडीशेप, बोलण्यात साखर. मागच्या भिंतीवर गाडी घेतलेल्यांचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात तोच एक कापडी हार.

"अर्ज त्या मुलानेच आणला?"

"हां मॅडम, समोर बसला होता. काळा शर्ट घातलेला. चाय पिला, अर्धा तास बसला. फोनवर आईशी बोलला. मला चांगलं याद आहे."

खरे आठवणारा माणूस एवढे सांगत नाही. त्याला एखादी गोष्ट आठवते आणि बाकीच्यावर तो डोके खाजवतो.

"तो त्या वेळी पोलीस भरतीच्या मैदानात होता," मी म्हटले. "पोलिसांच्याच वहीत त्याची हजेरी आहे. आता काळ्या शर्टातला कोण, ते आठव."

त्याने बडीशेप गिळली.

मी बुकिंगचे रजिस्टर मागितले. वाचायला मला वेळ लागतो, मी एकेक नाव बोटाने वाचते. त्यामुळेच दिसले. काही नावांच्या बाजूला पेन्सिलीने दुसरे नाव लिहिलेले. आडनाव तेच, गाव तेच. खारबावचे दोन भाऊ. एका पॉवरलूमवाल्याचा मुलगा आणि त्याच खानदानातला दुसरा. वडप्याची ती जोडी. पेन्सिलीने लिहिलेले सगळे भिंतीवर हार घालून उभे होते. शाईने लिहिलेले अजून वाट बघत होते.

"ही पेन्सिल कशाची?"

तो हसला. "मॅडम, आम्ही कुणाला जबरदस्ती केली काय? लोग खुद देते हैं. मी फक्त फोन करतो."

"काय सांगतोस फोनवर?"

"एवढंच, की तुमच्या भावाची गाडी शुक्रवारी येते. तुम्हाला त्याच्या आधी पाहिजे असेल तर बघा."

"आणि नुसतं गाडी पाहिजे का विचारलं तर?"

"तर भाव करतात. भावाचं नाव घेतलं की भाव करत नाहीत."

अर्जावरची सही त्यानेच ठोकली होती. ज्याचा नंबर कापला त्याने आरडाओरडा केला की असा अर्ज दाखवायचा आणि भावावर ढकलायचे. मग दोन घरे एकमेकांत भांडत बसतात, शोरूमकडे कुणी येत नाही. बाकीच्या वेळी तसेच झाले होते.

त्याला ताब्यात घेतले, पंचनामा केला, रजिस्टर जप्त केले. वरच्या पैशांसाठी धाकट्या जावेचा जबाब हवा होता. ती आली तर थोरली आधीच बसलेली. भरतीची गोष्ट आता झाकून राहणार नव्हती.

थोरली उसळली. "पोर पोलिसात लागतंय आन् मला सांगितलं न्हाय? मी काय त्याला खाल्ला असता?"

"नजरेनं खाल्ला असतास," धाकटी म्हणाली.

"आन् तू? माझ्या पोराची गाडी डबल पैसे देऊन आधी दारात लावलीस, ते काय?"

"डबल न्हाय. थोडं वर दिलं."

"लिहा," मी शिपायाला म्हटले. "थोडं वर दिलं. हाच जबाब."

धाकटीने तोंडावर पदर घेतला. पण अंगठा देताना मागे हटली नाही. तिच्या मुलाचे नाव फिर्यादीतून बाहेर राहत होते, तेवढे तिला कळत होते.

मॅनेजर काही दिवसांनी जामिनावर सुटला. मालक म्हणाला, मला काहीच ठाऊक नव्हते, आणि नवा मॅनेजर ठेवला. थोरलीच्या मुलाला पुढच्या खेपेला ठरल्या किमतीत गाडी मिळाली. तिने शोरूमचा हार नाकारून स्वतःचा झेंडूचा नेला, शेजारच्यापेक्षा मोठा. साहेबांनी मला शाबासकी दिली आणि विचारले, "बाई, पेन्सिलीचं तुमच्या कसं लक्षात आलं?" मी म्हटले, हळू वाचते म्हणून. ते अर्धेच खरे होते. त्या माणसाने काय विकायला काढले आहे हे मला कळले, कारण त्याच मालाची मीही गिऱ्हाईक होते. त्याने मला फोन केला असता तर मीही भाव केला नसता.

नोकरीत मी एवढे शिकले. तक्रारदार जळतो म्हणून तक्रार खोटी नसते. आणि लिहून घेणारा जळत असेल तर त्याने एक कप चहा प्यावा आणि तारीख पुन्हा वाचावी.

पाच महिन्यांनी तो पोर पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यात आला. ऑर्डर मिळाली होती. "मॅडम, तुमच्यामुळे," म्हणाला आणि वाकला. मी पुडा घरी नेला. मुलाने एक पेढा खाल्ला, दुसरा उचलला आणि विचारले, "कुणाचे?"

"भरती झाली एकाची."

त्याने दुसरा पेढा पुड्यात परत ठेवला. मीही एकसुद्धा खाल्ला नव्हता.