परकार डॉक्टरांची सिरिंज

कुवेतमधल्या अबू हलीफातले दातांचे डॉक्टर गफूर परकार मूळचे दापोलीचे. रूट कॅनाल करताना दाताचं मूळ ते वीस वर्षं सिरिंजने औषध सोडूनच आतून धुवत आले. "औषध टोकाला पोचलं की अंगठ्याला कळतं," म्हणायचे. हाताखालच्या ज्युनियर डॉक्टर मारियाने औषध आतल्या आत थरथरवणारं मशीन आणलं, तेव्हा दोघांनी उपटलेल्या दोन दातांत शाई भरून पैज लावली. धुऊन दात चिरून पाहिले, तर सिरिंजने धुतलेल्या मुळाच्या वळणात शाई तशीच राहिली होती. मशीनने धुतलेलं मूळ लख्ख झालं.

"शाईच भिकार!" म्हणत डॉक्टर तरातरा निघून गेले.

पुढच्या महिन्यात त्यांचीच दाढ ठणकली. ते खुर्चीत आडवे झाले, तशी मारियाने अदबीने सिरिंज उचलली.

"ठेव ती. मशीन लाव."

"पण सर, अंगठ्याला कळतं ना?"

डॉक्टर मनापासून हसले. "कळायचं गं. तेव्हा दाढ दुसऱ्याची असायची!"