मामांना ॲम्प्लिफायर पसंत पडत नसे

हुबळी-धारवाडात आजवर सांगून आलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या मुलींची बेरीज केली, तरी आमच्या आत्याच्या यजमानांनी नाकारलेल्या ॲम्प्लिफायरांपेक्षा ती कमीच भरेल. त्यांना आम्ही मामा म्हणत असू. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि राहायला ते धारवाडात, मळमड्डीला. दुकानात बसले की गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत लुगडं पसंत करायला लावीत. "इतका विचार कशाला, अक्का? नेसायचंच की शेवटी!" हाच माणूस घरच्या स्टिरिओला बरासा ॲम्प्लिफायर घ्यायचा म्हणून सात-आठ वर्षं विचार करत होता. घ्यायचा तो 'इंटिग्रेटेड'च, हे मात्र पहिल्या दिवशीच ठरलेलं. त्याचा अर्थ ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. "एकत्र कुटुंब आहे बघा. नाजूक आवाज सांभाळणारी सून आणि तोच मोठा करणारी सासू, दोघी एका पेटीत. वेगळ्या काढल्या की मध्ये वायर येते, आणि वायर आली की कुरकुर आलीच." हे ऐकून शेजारचे निवृत्त मामलेदार जे उठून गेले, ते महिनाभर मामांकडे फिरकले नाहीत. त्यांच्या घरात नुकत्याच दोन चुली झाल्या होत्या.

माल हाताळल्याशिवाय मामांना त्यातलं काही कळत नसे. ॲम्प्लिफायरची कड ते चिमटीत धरून लुगड्याच्या पदरासारखी चोळून बघत. मग तो दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून वजनाचा अंदाज घेत. हुबळीहून घरी आणताना तो नव्या चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेत. एकदा कंडक्टरनं लगेजचं तिकीट मागितलं, तेव्हा मामांनी त्याला कानडीत शांतपणे विचारलं, की मांडीवरच्या लेकराचं तिकीट काढायचं कधीपासून सुरू झालं? कंडक्टरनं चादर जरा बाजूला सारून पाहिलं, ती पुन्हा नीट पांघरली आणि तो पुढे गेला.

हे ॲम्प्लिफायर बांधून देई तो हुबळीच्या कमरीपेठेतला एक रेडिओ मेस्त्री. नापसंत झालेला तो माघारी घेई आणि कुठल्या तरी गणपती मंडळाच्या गळ्यात बांधी. "इदु चलो ऐत्री, सावकार्रे," असं तो दर वेळी काकुळतीनं सांगे. चांगला आहे हे मामाही कबूल करत आणि तरीही तो परत करत. मेस्त्रीला वाटे, आपल्या हातातच काही खोट आहे.

पाहण्याचा कार्यक्रम रविवारी दुपारी चारला. सगळ्यांना उप्पीट व्हायचं, मामा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसायचे आणि मग टेप लावायचे. टेप एकच, आत्याच्या भीमपलासाची. आत्या धारवाडच्याच एका गुरुजींकडे बारा वर्षं शिकली होती. गुरुजी गेले त्या दिवशी तिनं तंबोऱ्याला खोळ घातली, ती पुन्हा काढली नाही. देवापुढची आरतीसुद्धा ती पुटपुटत असे. तिला 'गा' म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती, मामांची तर मुळीच नाही. कुणाच्या तरी घरच्या बैठकीतली ही वीस मिनिटांची टेप तेवढी उरली होती.

टेप सुरू झाली की आत्या पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात यायची. मिनिटभर ऐकायची.

"अहो, हे काय? निषाद टोचतोय किती! गुरुजींनी असा दिला नव्हता मला."

"मग कसा?" मामा विचारत.

"असा," म्हणून आत्या तिथंच उभ्यानं निषाद लावून दाखवी. पण निषाद एकटा कसा दाखवायचा? म्हणून त्याच्या आगेमागे थोडी आलापी होई, आणि आलापी झाली म्हणून मुखडा होई. पाच-सात मिनिटांनी भानावर येऊन ती म्हणे, "हा डबा देऊन टाका परत," आणि आत जाई. सोमवारी मामा आनंदानं डबा परत करत.

मी तेव्हा बेंगळूरला नोकरीला होतो. मला मामांची दया आली. जपानहून आलेल्या एका सहकाऱ्याकडून मी उत्तमातला उत्तम ॲम्प्लिफायर मिळवला आणि धारवाडला घेऊन आलो. टेप लागली आणि तंबोऱ्याची जवारी, तारांचा तो घुमारा, अशी काही भरली, की मीच दचकलो. आत्या दारातून आत आली, पहिल्यांदाच खाली बसली आणि तिनं सगळी वीस मिनिटं ऐकलं. "अगदी अस्सं म्हटलं होतं मी," डोळे टिपत ती म्हणाली, आणि भाजी ढवळायला निघून गेली.

शाबासकीसाठी मी मामांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते. आतून भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"वजनाला जरा कमी वाटतोय रे," ते म्हणाले.

"मामा, दोघांनी मिळून आत आणलाय."

"घेऊन जा, बाबा," ते हळूच म्हणाले. "तिला काही दाखवावंसंच वाटलं नाही."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. सकाळी मी मामांबरोबर कमरीपेठेत गेलो. निषाद थोडा टोचेल असा एक बांधून दे, असं मामांनी मेस्त्रीला कानडीत सांगितलं. मेस्त्रीनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मान हलवली आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली. हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं!

मामा गेले त्या वर्षी मी जपानी ॲम्प्लिफायर घेऊन पुन्हा मळमड्डीला गेलो. निदान आत्याला तरी तो हवा असेल असं वाटलं. ती हसली.

"मला कळत नव्हतं होय रे? त्यांना गा म्हणवत नव्हतं आणि मला आपणहून गाववत नव्हतं. त्या डब्यांवर आमचं चाललं होतं. तुझा आला त्या दिवशी मात्र खोटी चूक काढवेना. गुरुजींचा निषाद होता तो."

"मग हा ठेव की इथं."

"नको. घेऊन जा. यात चूक काढायला जागाच नाही."

"आणि मेस्त्रीचा हा शेवटचा? तो तरी देऊ परत?"

"तो राहू दे," आत्या म्हणाली. "त्यात निषाद फार वाईट लागतो."