गोलकी आणि तिच्या बाबांची पाठ

चेतना रामटेके गोलकी झाली, कारण कुणाला तरी गोलमध्ये उभं राहायचंच होतं. गोलकी म्हणजे गोलकीपर. रायपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या मुरमाड मैदानावर पोरं खेळायची, पण त्या मुरमावर अंग टाकायला त्यांच्यातला एकही तयार नसे. ही शाळकरी पोट्टी टाकायची. कोपरं सोलवटायची, आई हळद लावता लावता बडबडायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा तिथेच. पुढे तिने वेगवेगळ्या राज्यांतल्या क्लबांकडून पगारी फुटबॉल खेळला, एकदा राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचून सामना न खेळताच परत आली, दोनदा बोटं मोडून घेतली. वसाहतीला त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं. तिथे ती ‘रामटेकेची गोलकी’च राहिली.

तिचे बाबा, हिरालाल, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. लेकीचे पहिले हातमोजे त्यांनीच कारखान्यातले जुने चामडी मोजे कापून-शिवून दिले. बाकी त्यांची ख्याती वेगळी होती. दर रविवारी विहारात वंदना झाली की ते बोलायला उभे राहत, आणि विषय ठरलेला असे, अंधश्रद्धा. कुणाच्या नव्या गाडीला लिंबू-मिरची दिसली की स्वतः वाकून तोडत. मांजर आडवं गेलं म्हणून थबकलेल्या माणसाला हाताला धरून पलीकडे नेत. “कावळा बसायले अन् फांदी तुटायले एकच गाठ,” हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकून ऐकून वसाहतीतल्या पोरांना त्या कावळ्याचीच दया यायची.

अशा माणसाच्या बाबतीत जे व्हायला नको, नेमकं तेच झालं. चेतना चौदा वर्षांची असताना दुर्गला सामना होता. तिच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली आणि त्याच वेळी हिरालालना कारखान्यातून फोन आला. ऐकू येईना म्हणून ते मैदानाकडे पाठ करून, दुसऱ्या कानात बोट घालून उभे राहिले. मागे एकच कल्ला झाला. चेतनाने पेनल्टी अडवली होती. पुढच्या पेनल्टीला त्यांनी डोळे फाडून पाहिलं, तर गोल झाला. त्याच्या पुढच्या वेळी, नुसतं करून बघू म्हणून, पाठ फिरवली. वाचला.

झालं. तेव्हापासून पेनल्टीची शिट्टी वाजली की हिरालाल रामटेके गर्रकन वळायचे. सामना दूर केरळात असला आणि मोबाइलवर दिसत असला, तर मोबाइल पालथा घालायचे. पाठ फिरवूनही कितीतरी गोल झाले, पण ते त्यांनी कधी हिशेबात धरले नाहीत. बायको, माया, हसायला लागली की म्हणायचे, ही अंधश्रद्धा नाही, निरीक्षण आहे, विज्ञानात निरीक्षण लागतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

चेतनाला आधी याची गंमत वाटायची. मग पेनल्टी अडवणं हे तिचं काम झालं. किक मारणारीचा टेकलेला पाय कुठे वळतो ते पाहायचं, शेवटपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि मग झेप. भर उन्हात एकाच कुशीवर पडून पडून ती हे शिकली होती. घरून फोनवर मात्र एकच प्रश्न यायचा, वाचला का? वाचला म्हटलं की बाबा खुशीत सांगायचे, मी मोबाइल पालथा घातला होता ना.

एका वर्षी तिने अंतिम सामन्यात पेनल्टी अडवून क्लबला चषक मिळवून दिला. विहारात सत्कार ठेवला होता. तिला शाल दिल्यावर विहाराचे सचिव यशवंतराव म्हणाले की अर्धा मान हिरालालजींच्या पाठीचा आहे, आणि दुसरी शाल खरोखरच त्या पाठीवर घातली. सगळे हसले. चेतनाही हसली. घरी येऊन तिने आपली शाल कपाटात कोंबली. तिला संताप आला होता, आणि ज्याचा आला होता तो माणूस बाहेरच्या खोलीत शाल पांघरून चहा पीत होता. इतक्या भल्या माणसावर चिडायचं तरी कसं, हेही तिला कळेना.

बत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले. हा शेवटचा हंगाम, असं तिने ठरवलं, आणि तिच्या क्लबचा शेवटचा सामना योगायोगाने रायपुरातच आला. त्या दिवशी सकाळी ती घरी जेवायला बसली तेव्हा म्हणाली, “बाबा, आज पेनल्टी झाली तं पाठ नका फिरवू.”

“काहून? हारायचं आहे का तुले?”

“हारली तं मी हारीन. पण जिंकली तं मीच जिंकली पाहिजे ना. आजवर तुम्ही माझं पेनल्टी वाचवणं एकदाही पाहिलं नाही. आता पुढं पाहाले भेटणार नाही.”

मायाचा पोळी लाटता लाटता हात थांबला. हिरालालनी नुसती भाजी मागितली.

सामना एक-एकवर आला आणि संपत आला असताना चेतनाच्या संघातल्या मुलीच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. चेतनाने वर, आई-बाबा बसले होते त्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे पाहिलं. हिरालाल सवयीने उठले होते, निम्मे वळलेही होते. एक खांदा मैदानाकडे आणि तोंड भिंतीकडे, असे ते जरा वेळ तसेच राहिले. मग ते सावकाश परत वळले आणि त्यांनी समोरचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. चेतनाला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. तिने नजर खाली आणली आणि समोरचीच्या पायावर ठेवली.

ती डावीकडे झेपावली. चेंडू बोटाला लागला, खांबावर आपटला आणि आत गेला. चेतनाचा संघ हरला.

गर्दी पांगल्यावर हिरालाल खाली आले. शेजारचे एक जण, “भैया, आज पलटे नहीं क्या?” असं विचारून गेले. चेतना हातमोजे काढत होती. आता ‘सांगितलं होतं तुले’ असं ऐकायची तिने तयारी ठेवली होती.

“ते पोट्टी धावत आली तरी तू हललीच नाही,” हिरालाल म्हणाले. “मले वाटलं, हिले झालं काय. अन् मंग एकदम अशी गेली... बोटाले लागला ना?”

“हव. लागला.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि कारखान्यात एखादा सुटा भाग तपासावा तसं एकेक बोट चाचपून पाहिलं. दोन बोटं वाकडी जुळलेली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. एवढ्या वर्षांत आपण काय काय पाहायचं गमावलं, याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि तसं ते म्हणालेही. मग मैदानाच्या पायरीवर बसले. माया घरी चला म्हणत होती.

“मंग ते बाकीचे कसे वाचवले व?” त्यांनी विचारलं. “दुर्गपासून सांग.”

चेतना त्यांच्याशेजारी बसली. ती म्हणाली, “दुर्गले मी काहीच केलं नव्हतं बाबा. भेवानं जागची हललीच नाही. बॉल येऊन गुडघ्यावर आदळला.”

“म्हणजे कावळा बसायले...” हिरालाल पुटपुटले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “अन् त्याच्या पुढचा? मी मुद्दाम पाठ फिरवली होती तो?”

“तो मी वाचवला.”