कोचलाच विचारून गेलेला खेळाडू

काही माणसं संस्थेचा कणा असतात आणि ती गेली की संस्था कोसळते, असं श्रद्धांजलीच्या सभांमध्ये नेहमी सांगतात. मोहन पिंपळकरच्या बाबतीत क्रम उलटा झाला. संस्था आधी गेली, तो नंतर दोनेक महिन्यांनी. आणि संस्था म्हणजे तरी काय? भेगा पडलेली टेनिस कोर्टं, मनात आलं तर एसी चालणारी एक व्हॅन, आणि सकाळी उठायला नाखूश असलेली आठ-नऊ मुलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या कॉलेजची ही टेनिस टीम मोहनने पंचवीसहून अधिक वर्षं सांभाळली. सुनंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या देशी दुकानात मेथीच्या जुड्या निवडत होतो. भाजी आणायला सांगावी तशा आवाजात ती म्हणाली, "मोहन सकाळी गेला. तू ये, पण गाडी नीट चालव." मी जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पैसे देऊन बाहेर आलो आणि ती मेथी घेऊनच त्यांच्या घरी पोचलो.

डॉक्टरांनी कारण धमन्यांचं सांगितलं आणि माझा डॉक्टरांवर विश्वास आहे. टीम गेली म्हणून मोहन गेला, असं आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी लिहिलं आणि खाली हात जोडले. मोहनच्या वडिलांना आणि थोरल्या भावालाही साठीच्या आसपास हेच झालं होतं, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही टेनिस टीम नव्हती. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. मोहन असता तर त्याने लिहिलं असतं.

तो नागपूरचा. कॉलेजच्या वयात टेनिसच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत आला आणि इथलाच झाला. नागपूरला त्याच्या सरांनी त्याला लहानपणापासून एक पैसा न घेता शिकवलं होतं, आणि हा निघाला तेव्हा आंतरविद्यापीठ स्पर्धा तोंडावर आली होती. सरांनी बोलणं टाकलं. काही वर्षांनी हा पेढे घेऊन भेटायला गेला, तर सरांनी दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" मोहन हा किस्सा हसत सांगायचा. पण फार वेळा सांगायचा...

माझी त्याची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. हा खेळातला माणूस आहे असं कळल्यावर कार्यकारिणीने बरीच चर्चा करून त्याच्याकडे लिंबू-चमचा शर्यत सोपवली. त्याने ती गंभीरपणे पार पाडली, एका डॉक्टरांच्या मुलाला लिंबू अंगठ्याने दाबल्याबद्दल बाद केलं, आणि पुढच्या वर्षी मोहनला पार्किंग सांभाळायला दिलं गेलं. कॉलेजच्या टीममध्येही तो असाच होता. सामन्याला जाताना व्हॅन स्वतः चालवायचा, मुलांच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणणं, घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करायचा, आणि वाटेत खायला सुनंदाने दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या वाटायचा. ब्राझीलहून आलेल्या एका मुलाला ठेच्याची इतकी सवय लागली की तो सुट्टीत घरी जाताना बरणी घेऊन जायचा. "टेनिस आठवेल न आठवेल, पण ठेचा आठवेल," मोहन म्हणायचा. "शिक्षण म्हणजे दुसरं काय बे?"

आता जरा नियमांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. कॉलेजच्या खेळाडूने खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, हे अमेरिकेतलं जुनं सोवळं. त्या सोवळ्यात विद्यापीठं स्टेडियमं बांधत होती, मोठे कोच बंगले बांधत होते आणि खेळाडू तेवढे पवित्र राहत होते. शेवटी कोर्टकचेऱ्या होऊन ते सुटलं. खेळाडूंना पैसे मिळू लागले, आणि पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बसून राहावं लागे, तेही गेलं. आता मुलाने पोर्टल नावाच्या यादीत नाव घातलं की देशभरच्या कोचना ते दिसतं. विवाहमंडळाच्या वेबसाइटसारखंच, फक्त आधीचं लग्न अजून मोडलेलं नसतं एवढाच फरक. मोहनला याचा आनंद झाला होता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. "पोरं राबतात. त्यांना मिळायलाच पाहिजे," तो म्हणाला. पण मिळायचं कुठून, याचं उत्तर मोठ्या विद्यापीठांपाशी होतं. त्यांच्याकडे फुटबॉल होता आणि टीव्ही होता. मोहनच्या कॉलेजकडे विटांचं एक सुंदर चॅपेल होतं.

मग दर उन्हाळ्यात त्याचे एक-दोन चांगले खेळाडू जायला लागले. "आमचा कोचिंग क्लास झालाय," तो सांगायचा. "पोरं इथे तयार होतात, फोटो दुसऱ्याच्या फळ्यावर लागतात." टेनिसच्या सामन्याला सहा एकेरी खेळाडू लागतात. पहिला गेला की दुसरा पहिल्याच्या जागी मार खातो, तिसरा दुसऱ्याच्या, आणि सगळी रांगच एक पायरी वर चढून हरते. कॉलेजचा क्रीडाविभागाचा डायरेक्टर हे आकडे बघत होता. त्याला त्याच वेळी बास्केटबॉलच्या खेळाडूंना द्यायला पैसे हवे होते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने मोहनला बोलावून कॉफी दिली आणि सांगितलं की पुढच्या मोसमात टीम आपल्या गटातल्या पहिल्या चारांत आली नाही, तर टेनिसचा फेरविचार करावा लागेल. मोहन मला म्हणाला, "ईशान आहे तोवर चारांत येतो आम्ही."

ईशान शेजारच्या राज्यातल्या अल्फारेटाचा, अमेरिकेतच जन्मलेला. मोठ्या कुठल्याच कॉलेजने त्याला विचारलं नव्हतं. उंच, लाजाळू मुलगा, बॅकहँड असा वेडावाकडा की बघणाऱ्याने मान फिरवावी. मोहनने दोन वर्षं तो बॅकहँड पाडून पुन्हा बांधला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ईशान टीममधला पहिल्या नंबरचा खेळाडू होता, आणि लगेच एका मोठ्या विद्यापीठाचा निरोप आला. पूर्ण फी, वर हातखर्च.

आणि आता जे झालं ते फक्त आपल्याच लोकांत होऊ शकतं. ईशानचे आईवडील, निखिल आणि केतकी, मुलाला बरोबर घेऊन सहा तास ड्राइव्ह करून मोहनच्या घरी आले. त्याने टीम सोडावी का, हे त्या टीमच्या कोचला विचारायला. मी जेवायला तिथेच होतो. बाकरवडीचा डबा टेबलावर ठेवला गेला. निखिल आधी ट्रॅफिकबद्दल बोलला, मग घरांच्या किमतींबद्दल. ईशान सोफ्याच्या कडेला दाखवायला आणलेल्या मुलीसारखा बसला होता.

"दादा, खरं सांगायचं तर या फील्डमध्ये आपला माणूस म्हणजे तुम्हीच," निखिल म्हणाला.

"अरे, पण मी त्याचा कोच आहे."

"म्हणूनच तर," केतकी म्हणाली. "तुम्ही उगाच काही गोड सांगणार नाही."

मोहनने चष्मा काढला, पुसला. मग ईशानला विचारायला लागला. तिथला कोच किती वर्षं आहे? या वर्षी बाहेरून अजून कोण येतंय? क्रेडिट्स सगळी धरतील का? कितव्या नंबरवर खेळवतील?

"दे सेड आय कॅन कंपीट फॉर नंबर फाइव्ह."

"कंपीट करणं म्हणजे मिळणं नाही, बेटा."

"आय नो, काका."

"तुला जायचंय का? आईबाबांना नाही विचारत."

ईशान कार्पेटकडे बघत म्हणाला, "येस. बट आय डोन्ट वॉन्ट टु लेट यू डाउन."

"मग जा," मोहन म्हणाला. "आणि असं तोंड पाडून नको जाऊ. कोणी मेलं नाही."

जेवण झाल्यावर तो ईशानला गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि त्याच्या सगळ्या रॅकेटचं नव्याने गटिंग करून दिलं. डायरेक्टरची कॉफी आणि पहिल्या चारांची अट, यातलं एक अक्षरही त्याने उच्चारलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर सुनंदाने दार लावलं.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तो थांबला असता."

"हो, मग! थांबायलाच हवा ना तो!"

"एकोणीस वर्षांच्या पोराने माझी नोकरी वाचवायला थांबायचं?"

"तुझी नोकरी गेली खड्ड्यात," सुनंदा म्हणाली. "बाकीच्या आठ पोरांचं काय? त्यांना विचारलंस तू?"

मोहनने टेबलावरचा डबा पुढे ओढला. त्याने बाकरवडी खाल्ली. मला आजही वाटतं की त्या रात्री दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच मला यात त्यागबिग काही दिसत नाही. मोहनला आपल्या दारात, नागपूरच्या सरांसारखा, "कोण पाहिजे?" म्हणणारा म्हातारा व्हायचं नव्हतं. त्या भीतीची किंमत त्याने त्या आठ मुलांना मोजायला लावली, असं सुनंदा म्हणते. ती अजूनही म्हणते.

पुढचा मोसम जसा जायचा तसा गेला. फेब्रुवारीअखेर टीम तळाला होती. एका दुपारी डायरेक्टरने मुलांना आणि मोहनला व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्याच्यामागे कॉलेजचं चॅपेल दिसत होतं, म्हणजे चॅपेलचं चित्र. खेळाडूंच्या सर्वांगीण अनुभवात दूरगामी गुंतवणूक करण्याच्या दृष्टीने, असं वाक्य सुरू झालं आणि त्याच्या शेवटी टेनिस बंद होतं. गुंतवणूक म्हणजे बास्केटबॉलचा एक सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा खेळाडू होता, ज्याला टिकवायचं तर पैसे लागणार होते. ब्राझीलचा मुलगा शेवटच्या वर्षाला नव्हता. त्याने विचारलं, "माझ्या स्कॉलरशिपचं काय?" डायरेक्टर म्हणाला की तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मग कॉल संपला.

त्यानंतर आठवड्याभरात केतकीचा फोन आला. मोठ्या विद्यापीठाने युरोपातून दोघं आणले होते, ईशान वर्षभर टॉवेल घेऊन बाकावर होता. "दादा, ईशान खूप डाउन आहे. त्याला परत यायचंय तुमच्याकडे. घ्याल ना?" फोन स्पीकरवर होता. मोहनने शांतपणे सांगितलं की आता परत यायला टीम नाही. मग तिने खोदून विचारलं, आणि याने डायरेक्टरच्या कॉफीपासूनचं सगळं सांगितलं.

मग केतकी म्हणाली,

"आम्ही विचारायला आलो तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ईशानबद्दल विचारत होता," मोहन म्हणाला.

केतकी रडायला लागली. सुनंदा उठून आत गेली. मी पंख्याकडे बघत बसलो. पंखा बंद होता.

मग शेवटचे सात-आठ आठवडे मोहनने एकच काम केलं. राहिलेल्या प्रत्येक मुलाला, आणि त्यांच्यात न मोडणाऱ्या ईशानला, कुठल्या तरी कॉलेजात बसवायचं. इतकी वर्षं ज्यांनी त्याची मुलं नेली त्या कोचना तो एकेक करून फोन करत होता. काही चांगले बोलले. काहींना त्याचं नावही आठवलं नाही, आणि तो स्वतःची ओळख करून द्यायचा, हसत. मुलं जास्त आणि जागा कमी. टेनिस फक्त त्याच्याच कॉलेजने बंद केलं नव्हतं, त्यामुळे देशभरातले मोहन एकाच वेळी फोन करत होते. मी एकदा त्याला म्हटलं, जरा दम खा. म्हणाला, "दोन-तीन पोरं राहिलीत. मग खातो."

अंत्यविधीला डायरेक्टर कॉलेजच्या रंगांचा टाय लावून आला. आमचं कॉलेज हे एक कुटुंब आहे, असं तो म्हणाला, आणि कोच मोहन त्या कुटुंबाचे वडील होते. निखिल माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "अहो, वडिलांना असं व्हिडिओ कॉलवर काढतात का?" ईशानने भाषण केलं नाही. सगळे पांगल्यावर तो सुनंदापाशी गेला, वाकून नमस्कार करावा की मिठी मारावी हे त्याला ठरवता येईना, आणि तो मध्येच कुठेतरी थांबला. सुनंदाने त्याला ओढून जवळ घेतलं. ती त्याला काय म्हणाली ते मी ऐकलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. मोहनचा फोन स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला असतो. तो बंद करायचं तिच्या जिवावर येतं, आणि तसं चालणारही नव्हतं, कारण त्याने ठेवलेल्या निरोपांना कोचचे उलट फोन अजून येतात. पलीकडून कोणीतरी खुशीत "कोच!" म्हणतं, मग सुनंदा सांगते की तो गेला, आणि लगेच म्हणते, "मुलाचं बोला." ब्राझीलच्या मुलाची सोय तिने अशीच केली. ईशानला टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजने घेतलं, तोही फोन तिनेच घेतला. एका मुलाचं अजून काही झालेलं नाही, आणि आता होईल असं तिलाही वाटत नाही.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. मेसेज होता. क्रीडाविभागाच्या सगळ्या कोचना एकदम जाणाऱ्या मेसेजच्या यादीतून मोहनचं नाव काढायचं अजून कोणाला सुचलेलं नाही. सुनंदाने चष्मा लावून वाचला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. सात फुटी सेंटरने पोर्टलमध्ये नाव घातलं होतं. पत्रकारांशी कोणी बोलू नये, अशी सगळ्या कोचना विनंती होती.