काळ्या बर्फावरची खटखट

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. आमचे हे तर भिवंडीत शाळेवर विज्ञान शिकवायचे. घरात असलं काही बोलायची सोयच नव्हती. तरीही हे लिहिते आहे...

नव्वद-एक्याण्णवचा मे महिना. नवीन लग्न. आमचं घर मंडईच्या मागे, दोन्ही अंगांना कापड विणायच्या लूमचे कारखाने. दिवसरात्र खटखट. तिची इतकी सवय, की लाईट जाऊन लूम बंद पडले की जेवणारा माणूससुद्धा घास हातात धरून थांबायचा!

त्या सुट्टीत आम्ही मनालीला गेलो. जन्मात पहिल्यांदा बर्फ बघणार म्हणून मी कोरी शाल घेतलेली. रोहतांगला पोचलो, तर काय — बर्फावर काळपट साय!

"काजळी आहे ही," हे म्हणाले. "गाड्यांची, चुलींची, खालच्या कारखान्यांची. वाऱ्याबरोबर इथवर येते. काळ्या रंगाला ऊन जास्त लागतं, म्हणून असा बर्फ लवकर वितळतो."

शाळेतल्या मुलांना दाखवायला त्यांना ती काजळी हवीच होती. जॅमची रिकामी बाटली घेऊन ते सगळ्यात काळ्या पट्ट्याकडे निघाले, मागोमाग मी. आमच्या सोबतचा वाटाड्या चहा पीत मागेच राहिला.

चालता चालता कानावर आली... खटखट. तीच लय. मला नवल वाटलं नाही, हेच नवल! उलट घरी आल्यासारखं बरं वाटलं.

आणि ती एकदम थांबली.

आम्ही दोघंही जागच्या जागी थबकलो. यांनी मान वर केली. "लाईट गेली वाटतं."

त्याच क्षणी पुढ्यातला काळा बर्फ धाडकन आत कोसळला. खाली फेसाळतं पाणी धावत होतं.

वाटाड्या ओरडत आला. "मॅडम, आप लोग रुके कैसे?"

"मशीन बंद हो गया ना," मी म्हटलं.

"यहाँ कौन सी मशीन?"

त्याने काहीच ऐकलं नव्हतं. यांनी माझा हात घट्ट धरला — चारचौघांत, पहिल्यांदाच — आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

भिवंडीला परतल्यावर मी एकदाच विचारलं, "काय होतं हो ते?"

त्यांनी ती रिकामी बाटली फडताळात ठेवली. मग म्हणाले, "माहीत नाही. पण दोघांना ऐकू आलं, हे बरं झालं. तू एकटीने सांगितलं असतंस, तर मी पुढे गेलो असतो."

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उत्तर मला सापडलेलं नाही. पण ते 'माहीत नाही' अजून कानात आहे... उभ्या संसारात त्यांच्या तोंडून तेवढं एकदाच ऐकलेलं.